स्टाफाचे काळे खांब

१७ जून, ओबान, स्कॉटलंड. रात्रीचे दहा वाजलेत, खिडकीबाहेर अजून उजेड आहे.

काल समुद्र खवळला होता. स्टाफा बेटाला बोट लागायची नाही, असं सांगून आम्हाला माघारी पाठवलं होतं. त्यामुळे आज सकाळी धक्क्यावर उभी असताना छातीत धडधडत होतं. फेरीबोटीने पाऊण तासात मल बेट. उतरायच्या थोडं आधी डाव्या हाताला, अगदी खडकाच्या टोकावर, मॅक्लीन घराण्याचा ड्यूआर्टचा किल्ला दिसला. तिथून बसने बेटाच्या पश्चिम टोकाला फिनफोर्ट. रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून कुणी आलं की कडेच्या जागेत थांबायचं आणि हात वर करून आभार मानायचे. आमचा ड्रायव्हर न चुकता हात वर करत होता.

मग लहान बोट, आणि स्टाफा.

लांबून बेट नुसतंच काळपट दिसतं. जवळ गेलं की त्या काळेपणात उभ्या रेघा दिसू लागतात आणि मग एकदम कळतं, हे खांब आहेत. शेकडो, एकमेकांना चिकटून उभे, बहुतेक सहा बाजूंचे. बेटाचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. नॉर्स दर्यावर्दींनी दिलेलं, खांबांचं बेट. लाव्हारस निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि त्या भेगा खोल जात जात असे खांब सुटे होतात. वरचा थर मात्र वेडावाकडा, नुसता चुरगळल्यासारखा.

मी अंधेरीत वाढले. आमच्या गॅलरीतून गिल्बर्ट हिल दिसायची. सुमारे दोनशे फूट उंच, असेच उभे खांब, वर देवीचं देऊळ. तोही इथल्यासारखा बेसाल्टच, निवलेल्या लाव्ह्याचा खडक. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, स्टाफाचा त्याहून काही लाख वर्षांनी नव्हे, काही दशलक्ष वर्षांनी धाकटा. दोन्हींचा उगम वेगळा, पण निवण्याची रीत तीच. खांबावर तळवा ठेवला तेव्हा डोळे भरून आले. लहानपणी त्या टेकडीकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

तुटलेल्या खांबांच्या माथ्यांवरून, कठड्याची तार धरून, फिंगलच्या गुहेपर्यंत गेले. गुहा सत्तरेक मीटर खोल. आत लाट शिरते, क्षणभर काहीच होत नाही आणि मग तळातून घुमल्यासारखा आवाज येतो. गेलिक भाषेत तिला सुरेल गुहा म्हणतात. १७७२ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स इथे आले आणि जगाला या जागेची ओळख झाली. १८२९ मध्ये विशीतला संगीतकार मेंडेल्सझोन आला, त्याची ‘हेब्रिडीज’ ही रचना याच प्रवासाशी जोडलेली आहे. मी ती बोटीत ऐकायची ठरवली होती. नाही ऐकली. लाटेपुढे दुसरं काही नको वाटलं.

बेटावर तासभरच मिळाला आणि त्यातला बराचसा मी गुहेपाशी घालवला. शेवटची पंधरा मिनिटं वर धावले, पफिनसाठी. नारिंगी चोचीचे, जेमतेम वीतभर-दीडवीत उंचीचे पक्षी. गवतातल्या बिळांत त्यांची घरटी. माणसं शांत बसली की ते अगदी जवळ येतात. माणूस असला की त्यांना छळणारे मोठे पक्षी लांब राहतात, असं बोटवाल्याने सांगितलं. एक पफिन माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर उतरला आणि समुद्राकडे बघत उभा राहिला.

या बेटावर आज एकही घर नाही. १९८६ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड त्याची देखभाल करतं. आणि आमच्या टेकडीच्या अंगाखांद्याला खाणींनी पोखरलं, पायथ्याशी इमारती खेटून उभ्या राहिल्या. तिथे माणसांना घरं हवी होती, हे मला कळतं. तरीही आज फार वाईट वाटलं.

परतताना आयोनालाही गेलो, ५६३ मध्ये संत कोलंबा आले ते बेट. मठ सुंदर आहे, पण माझं मन अजून गुहेतच होतं.

रात्री आईला फोन केला. पुढच्या महिन्यात घरी आले की दोघींनी पहाटे गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढायच्या, असं ठरलंय. तिचे गुडघे दुखतात, म्हणून सावकाश, थांबत थांबत.