डुकरांपासून होणारा मेंदूज्वर आणि कान

डुक्कर आणि मेंदूज्वर म्हटलं की आपल्याकडे जपानी मेंदूज्वर आठवतो. तो विषाणूचा, डासांमार्फत पसरणारा. हा आजार वेगळा आहे. स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू धडधाकट डुकरांच्याही टॉन्सिलमध्ये आणि नाकात असतो. हातावरच्या चिरेतून किंवा कच्च्या रक्तामांसातून तो माणसात शिरला, की मेंदूच्या आवरणांना सूज आणतो.

माणसांतले पहिले रुग्ण १९६८ साली डेन्मार्कमध्ये नोंदले गेले. व्हिएतनाममध्ये मोठ्या माणसांच्या जिवाणूजन्य मेंदूज्वराचं हे मुख्य कारण आहे. ताज्या कच्च्या रक्ताचा थिजवलेला 'तिएत कान' नावाचा पदार्थ तिथे आवडीने खातात. २००५ च्या उन्हाळ्यात चीनच्या सिचुआन प्रांतात दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. त्यांतले बहुतेक जण आजारी किंवा मेलेलं डुक्कर स्वतः कापणारे शेतकरी होते.

या आजाराची खूण म्हणजे कान. जगभरच्या नोंदी एकत्र पाहिल्या तर वाचलेल्या दहांपैकी साधारण चौघांचं ऐकणं कमी होतं. तेही लवकर: ताप, डोकेदुखी सुरू झाल्यावर एकदोन दिवसांतच, पुष्कळदा रुग्णालयात पोचायच्या आधीच. मेंदूभोवतीचं पाणी आणि आतल्या कानातलं पाणी एका बारीक नळीने जोडलेलं असतं. त्या वाटेने संसर्ग कॉक्लिआत, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या शंखाकृती भागात, उतरतो आणि ऐकण्याच्या नाजूक पेशी मरतात. उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून रुग्णाला कोणी बोलतंय हे कळतं, पण शब्द लागत नाहीत. घरच्यांना वाटतं, तापाने गुंगी आली आहे.

उपचारात वेळ फार महत्त्वाची. सहसा सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक २ ग्रॅम, दर १२ तासांनी शिरेतून, किमान १४ दिवस देतात. ताप उतरला म्हणून आधीच थांबवलं तर आजार उलटतो. सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा पहिला डोस प्रतिजैविकाच्या जरा आधी किंवा सोबतच द्यावा लागतो. व्हिएतनाममधल्या चाचणीत दर किलो वजनामागे ०.४ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, ४ दिवस असा तो दिला होता. ज्यांना मिळाला त्यांच्यात तीव्र बहिरेपणा कमी आढळला.

डॉक्टरांना डुकराशी आलेला संबंध आपणहून सांगा. पाठीतून काढलेल्या पाण्याच्या कल्चरमध्ये (जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) हा जिवाणू सहज 'व्हिरिडन्स' या तोंडात एरवीही असणाऱ्या जिवाणूंच्या गटातला समजला जातो आणि बाहेरून मिसळलेला म्हणून बाजूला पडतो. माहिती असेल तर प्रयोगशाळा नीट ओळख पटवते, जिवाणूची जनुकं शोधणारी पीसीआर चाचणीही करता येते.

कानाची तपासणी मात्र हमखास राहून जाते, आणि तिथेच खरं नुकसान होतं. रुग्ण शुद्धीवर असेल तर ऑडिओमेट्री (आवाज ऐकवून घेतलेली तपासणी), नसेल तर बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद यंत्राने टिपणारी तपासणी); घरी सोडण्याआधी एकदा आणि काही आठवड्यांनी पुन्हा. दोन्ही कान गेले असतील तर 'बघू, येईल परत' म्हणत थांबू नका. सुजेनंतर कॉक्लिआत आधी तंतू आणि मग हाड भरू लागतं. ही प्रक्रिया काही आठवड्यांतच सुरू होऊ शकते. हाड भरलं की कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राची, तार आत सरकत नाही. सीटी स्कॅनमध्ये फक्त तयार झालेलं हाड दिसतं, त्याआधीचे तंतू एमआरआयमध्ये दिसतात. म्हणून एमआरआय लवकर हवा.

तोलाकडे तर त्याहून कमी लक्ष जातं. तोल सांभाळणारी इंद्रियंही आतल्या कानातच असतात; दोन्ही बाजूंची ती सारखीच निकामी झाली तर गरगरत नाही. चालताना समोरची पाटी हलते, अंधारात पाय भरकटतो, गादीवर किंवा वाळूत उभं राहता येत नाही. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या इथे उपयोगाच्या नाहीत, उलट मेंदूचं जुळवून घेणं लांबवतात. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकावा: भिंतीवरच्या अक्षरावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवणं, रोज थोडं थोडं, वेग वाढवत. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा असावा. विहिरीत, नदीत एकट्याने उतरू नये. पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही.

मांस कापणाऱ्यांनी हातावरची जखम झाकून वर रबरी हातमोजे घालावेत, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. आजारी किंवा मेलेलं जनावर कापूच नये. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजलं की हा जिवाणू मरतो, फ्रिजमध्ये मात्र तो टिकून राहतो. माणसांसाठी त्याच्यावर लस नाही, आणि न्यूमोकॉकसची लस याला चालत नाही.