नजर न मिळवणारे डोळे

गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना मूर्तिकाराला एकच धास्ती असते, देवाची नजर चुकू नये. बडोद्याच्या दांडिया बाजारात आरतीला उभं राहिलं की बाप्पा आपल्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे. जपानी शिल्पकार कात्सुरा फुनाकोशी यांची कापूरवृक्षाच्या लाकडातली अर्धाकृती माणसं नेमकी उलट वागतात. समोर कुठेही उभे राहा, नजर मिळत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेले. त्यांच्या हयातीतच तयारी सुरू झालेलं हाकोनेच्या खुल्या संग्रहालयातलं प्रदर्शन त्याच वर्षी भरलं आणि स्मृतिप्रदर्शन ठरलं.

डोळे संगमरवराचे आहेत, आणि पुढून खोचलेले नाहीत, आतून बसवलेले आहेत. युक्ती जुनीच. जपानच्या नारा भागातल्या चोगाकुजी मंदिराच्या ११५१ सालच्या अमिताभ बुद्धाच्या मूर्तींत स्फटिकाचे डोळे असेच पोकळ डोक्याच्या आतून लावलेत. डोकं पोकळ केल्याने लाकूड तडकण्याचा धोकाही कमी होतो, कारण गाभ्याभोवतीचं लाकूड सगळीकडे सारखं आटत नाही.

बडोद्यात करून बघायचं तर कापूरवृक्षाचं लाकूड शोधत बसू नका, वखारीतलं वाळलेलं शिवण चालेल. सागवान घेतलं तर त्यात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या आधी जोड ॲसिटोनने पुसावा लागतो. चेहरा ढोबळ घडवून झाला की कानांच्या पुढून उभा कापायचा. कापण्याआधी चिरेवर आडव्या पेन्सिलरेघा मारा, नाहीतर परत जुळवताना घोळ होतो. करवतीत दीडदोन मिलिमीटर लाकूड जातं, म्हणून बारीक काम जोडणीनंतरच. आतून कोरून भिंत अडीच-तीन सेंटिमीटर ठेवा, पापणीच्या कडेशी मात्र तीन मिलिमीटर. भोक पुढून पाडलंत तर पापणीची कड उडणार, हे ठरलेलं.

डोळ्याला मकराण्याच्या बारीक दाण्याच्या संगमरवराचा ३० मिलिमीटरचा गोळा, ओल्या पॉलिशपेपरने २२० पासून २००० पर्यंत घासलेला. तो आत ठेवून मागून कापूस आणि बांबूची आडवी पट्टी एवढाच टेकू द्या. इपॉक्सीने पक्का केला की पावसाळ्यात लाकूड फुगतं, दगड हलत नाही, आणि पापणी फुटते.

खरी मेख बुबुळाची. गोळा हातात धरून मधोमध बुबुळ रंगवायचा मोह टाळा. आधी जागेवर बसवा, काळ्या मेणाचा ठिपका लावा, दोन मीटरवरून बघा. फुनाकोशींच्या माणसांची दोन्ही बुबुळं जराशी बाहेरच्या बाजूला असतात. ३० मिलिमीटरच्या गोळ्यावर एक अंश म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. दोन-तीन अंशांत माणूस विचारात हरवतो, आणखी सरकवलं की सरळ चकणा दिसतो. जागा पटली की मगच रंग, वर वॉर्निशचा पातळ हात.

चेहरा परत चिकटवायला दिवाळीनंतरचा काळ बरा. ऐन पावसाळ्यात जोडलेला सांधा मार्चपासून उघडायला लागतो.

मांडताना डोक्यावरून दोन स्पॉटलाइट मारू नका. प्रत्येक डोळ्यात दोन-दोन चमका दिसल्या की दगड प्लॅस्टिकसारखा वाटतो. एकच दिवा, उभ्या रेषेपासून तीसेक अंश कलता. आणि चौथऱ्याची उंची अशी ठेवा की पुतळ्याचे डोळे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतील. खाली ठेवलात तर तो नुसता लाजाळू दिसतो.