दादाचं भारी

मंगळवारपासून एका शब्दात अडकून बसलेय. ‘भारी.’ दादाने घरच्या ग्रुपवर टाकला, माझ्या केळीच्या फोटोखाली, नुसता एवढाच. पुढे ना स्माइली ना टिंब.

सोमवारी रात्री इथे इंग्लंडात, शेफिल्डला, उणे पाच होतं. माझ्या छोट्या काचघरात तीन केळी आहेत. अंदाज आधीच आलेला, त्यामुळे मी सगळं केलं होतं, आतून बबलरॅपचा दुसरा थर, दाराच्या फटीत जुनी रजई कोंबलेली, ट्यूब हीटर चालूच, आणि पारा सातच्या खाली गेला की फॅन हीटर आपोआप सुरू होईल असं लावलेलं. हा, म्हणजे नवरा, म्हणाला पण, की अगं पोरांना झोपवतानाही तू एवढं पांघरूण नीट करायची नाहीस. झोपले. एकच्या सुमारास एक्स्टेन्शनच्या डब्यात ओल गेली आणि सगळं ट्रिप झालं. सेन्सरने फोनवर बोंब मारली असणार, फोन सायलेंटवर. साडेपाचला बाथरूमला उठले म्हणून बघितलं तर आत उणे एक.

केळीचं पान थंडीनं गेलं की ते लगेच कळत नाही, हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच माहीत. टॉर्च मारला तेव्हा पानं उभीच होती, फक्त रंग गडद, ओलसर, आरपार दिसल्यासारखा, उकडलेल्या पालकासारखा. क्षणभर मला वाटलं वाचलं. आठ वाजून गेल्यावर इथे उजाडतं, तोवर सगळी पानं खोडाला चिकटून लोंबायला लागली आणि दुपारपर्यंत काळी. पावाच्या सुरीने मोठीचं खोड वरून कापत खाली आले. तपकिरी, तपकिरी, पाणी सुटलेलं, परत तपकिरी, आणि कमरेएवढ्या उंचीला एकदाचा पांढरा गाभा लागला. तिची पानं मी मोजत होते. अठ्ठावीस झाली होती. तिशी ओलांडली की निसवते, म्हणजे या उन्हाळ्यात घड आलाच असता, आणि आत तो बांधायला लागलाच असेल तर मग मी सुरीने नेमकं काय कापलं ह्याचा विचार मी करत नाहीये.

पण फोटो मी त्याआधीच टाकला होता. सव्वासहाला, टॉर्चच्या उजेडातला. खाली भलामोठा परिच्छेद. हीटर, ट्रिप, चार वर्षं, मी किती केलं होतं, रडके इमोजी तीन. चार मिनिटांनी ‘भारी’.

भारी म्हणजे काय? ‘भारी नुकसान झालं’ असं म्हणायचं होतं आणि घाईत अर्धंच राहिलं? की ‘भारीच आहेस तू’? की ते आपलं कोपरखळीवालं भारी, ओठ न हलवता म्हणतात ते? दादाचं एक तसलं भारी आहे. मी दहावीत असताना मोपेड शेताच्या चारीत घातली होती तेव्हा त्याने काठावर उभं राहून ते वापरलं होतं.

दुपारी वहिनीला फोन केला, म्हणजे खरं तर गाऱ्हाणं घालायलाच केला. ती म्हणाली, हो गं पाहिला फोटो, वाईट वाटलं, झोपलेत आत्ता, रात्रभर शेतात होते. तीन रात्री झाल्या. पारा सात-साडेसातावर आलाय, बांधाच्या कडेनं ओला काडीकचरा पेटवून धूर करतात आणि रात्री लाइट असेल तेव्हा बागेला पाणी सोडतात, विहिरीचं पाणी कोमट असतं ना. मला काय ते सांगायला नको होतं. आप्पा, आमचे वडील, करायचे तेव्हा आम्ही पोरं शेकोटी म्हणून जायचो, भुईमुगाच्या शेंगा भाजायचो, आम्हाला ती मजा वाटायची. दादाच्या बागेत नऊ हजार खोड आहे. कांदेबागाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेलं, कोवळं आहे आणि मृगबाग, पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेला, निसवायला आलेला, म्हणजे थंडीत घड गळ्यातच अडकतो तो काळ. नऊ हजार. आणि मी तीन झाडांवर एवढा मोठा परिच्छेद लिहिला.

मग तर ते भारी आणखीनच भारी झालं.

मी विचारलंच नव्हतं हो. जळगावचं तापमान मला फोनवर दिसतं, शेफिल्डच्या खालीच असतं, रोज दिसतं. बघितलं नाही असं नाही, बघितलं, आणि सात आकडा बघून डोक्यात आलं की अरे वा, माझ्या हीटरचाच आकडा. पुढे डोकं गेलंच नाही. आणि तिकडे तीच रात्र, तोच आकडा. आमच्याकडे तो आकडा खोक्यात धरून ठेवायला धडपड, त्यांच्याकडे त्याच्या वर चढायला.

खोकं दादाचाच शब्द. व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा म्हणाला होता, ‘काय करू रायली व ह्या खोक्यात?’ आठ बाय सहा फुटांचं आहे. शेजारच्या गल्लीत लोकांनी खिडक्या बदलल्या तेव्हा जुन्या दुहेरी काचांच्या फ्रेमा फुकट मिळाल्या, त्या पॅलेटच्या लाकडावर ठोकल्या, वर पॉलिकार्बोनेट. थोडं तिरकं आहे. शेजारच्या आजोबांकडे पण केळ आहे पण ती बासजू, जपानी म्हणतात तिला, खोडाभोवती गवताचा पेंढा बांधला की उघड्यावर थंडी काढते, फक्त फळ खाण्यासारखं येत नाही. ते मला दर हिवाळ्यात सांगतात की ही लाव, सुखी होशील. त्यांना कसं सांगू की नुसत्या शोभेच्या केळीला आमच्यात काय म्हणतील. माझी ड्वार्फ कॅव्हेंडिश आहे. म्हणजे आपली बसराईच. गार्डन सेंटरमधे वीतभर रोप कुंडीत बघितलं, लेबलवर इंग्रजीत नाव आणि ‘घरातील शोभेचे झाड’, आणि मी तिथे सिरॅमिकच्या कुंड्यांच्या रांगेत उभी राहून रडले होते, का ते जाऊ दे, आप्पांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

त्यांना मी चॅट्सवर्थला नेलं होतं, एका ड्यूकचा जुना वाडा आणि बाग आहे तिथे, ते एकदाच आले तेव्हा. इथून पाऊण तासावर. कॅव्हेंडिश हे तिथल्या ड्यूकचं आडनाव. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन, त्याने मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप इथल्या थंडीत काचघरात वाढवलं आणि १८३५ ला ते निसवलं, मग त्याचंच नाव ड्यूकवरून पडलं. आप्पांना हे भाषांतर करून सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना, आयुष्यभर जी बसराई लावली तिचं आडनाव इथलं. काचघरात आता जे झाड आहे त्याच्यासमोर गेले, हात मागे बांधून चांगलं न्याहाळलं, आणि मला हळूच म्हणाले, ‘बुंध्याशी पिलं जास्त ठेवलीत यांनी.’ वाळलेलं पान ओढायला हात पुढे केला तेव्हा मीच धरला.

बाहेर झुडपांचा एक भूलभुलैया आहे. तिथे पूर्वी पॅक्स्टनने बांधलेलं प्रचंड काचघर होतं, आतून घोडागाडी जायची म्हणे, जमिनीखाली बॉयलर आणि कोळसा आणायला बोगद्यातून रूळ. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं थंडीनं मेली, आणि १९२० ला ते सुरुंग लावून पाडलं. हे ऐकून आप्पा म्हणाले, ‘म्हणजे लोडशेडिंगच की.’ मी इतकी हसले होते. मंगळवारी सकाळी ट्रिप झालेला डबा हातात धरून उभी असताना तेच आठवलं आणि हसू काही आलं नाही.

तर दादा. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं का? रात्रभर धुरात उभं राहून डोळे लाल करून घरी यायचं, भाकरी खाऊन आडवं व्हायच्या आधी फोन बघायचा, तर बहीण तीन झाडांचं सुतक पाळतेय. फॅन हीटर दोन किलोवॉटचा आहे, युनिटला २५ पेन्सच्या आसपास पडतात, एका कडक रात्रीचे चार पौंड. गंमत बघा, तेवढ्यात मंडईतून किती डझन येतात. ही गणितं मला कोणी करून दाखवलेली नाहीत, माझी मीच करते, आणि वर दादा मनात ती करत असेल म्हणून त्याच्यावर रागावते. जमिनीचंही तसंच आहे. हक्कसोडच्या कागदावर सही मी केली, कोणी हात धरला नव्हता, आणि तो विषय मी इथे काढणार नाहीये.

कालपर्यंत हे असंच चाललं होतं. स्वतःची कीव, मग स्वतःचा राग, मग चहा. रात्री झोप येईना म्हणून ग्रुप मागे मागे सरकवत गेले. काय सापडावं. वहिनीच्या नवीन मिक्सरला: भारी. पुतण्याला फिजिक्समधे सत्तर: भारी. सत्यनारायणाला चौरंगाच्या चार बाजूंना केळीचे खांब बांधलेला फोटो: भारी. मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा एक्सरे: भारी. केळीचा भाव उतरल्याची बातमी त्याने स्वतःच टाकलीय, आणि तिच्याखाली स्वतःच: भारी. आणि मंगळवारी माझ्या फोटोच्या बरोब्बर वर, एका मिनिटाच्या फरकाने, काकूने वांग्याच्या भरिताचा टोप टाकलाय, शेतातल्या पार्टीचा, वर कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे. म्हणजे चार दिवस मी ज्याच्यावर झोप घालवली ते कदाचित भरिताला होतं.

ते जास्त वाईट की कमी, ठरवता येत नाहीये.

मधली केळ गेली. कापत कापत जमिनीपर्यंत आले तरी पांढरं लागलं नाही, कंद आत जिवंत असेल तर एप्रिलमधे कळेल. कुंडीतली धाकटी उचलून स्वैपाकघरात आणलीय, फ्रिजशेजारी, आता फ्रिजचं दार अर्धंच उघडतं आणि ह्याने अजून तोंड उघडलेलं नाही, तेही कळेल. मोठीला कापलं तिथे प्लॅस्टिक न बांधता उघडंच ठेवलंय, पाणी साचून सडू नये म्हणून. आज बघितलं तर मधोमध नखाएवढं काहीतरी वर आल्यासारखं वाटलं. वाटलं म्हणजे, मी रोज पट्टी लावते.

आज दुपारी शेवटी ग्रुपवर न लिहिता दादाला सरळ फोन लावला आणि उचलल्या उचलल्या विचारलं, बाग कशी आहे, विम्याचं काय. मग तो अकरा मिनिटं बोलला. इतकं तो माझ्या लग्नात पण बोलला नव्हता. विमा म्हणे शेतात पारा किती उतरला त्यावर नाही, महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर किती नोंदला त्यावर, आणि ते केंद्र वर उंचावर, आमची बाग नदीकडे खोलात, तिथे गारवा बसतो, पण त्याला विचारतं कोण. पानं पिवळी पडलीत, करपा रोग वाढेल, दोन-अडीचशे घड अडकलेत. डिझेल. मजूर. पुतण्या पुण्याला जायचं म्हणतो. मी नुसती हं हं करत होते. माझ्या केळीबद्दल एक अक्षर नाही, आणि मीही काढलं नाही, भारीचं तर नाहीच नाही.

ठेवता ठेवता म्हणाला, ‘त्या खोक्यात पाण्याचे पिंप ठेवले ना तू, काळे?’

ठेवलेत म्हटलं. दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात.

‘कोणत्या बाजूनं?’

मी म्हटलं, उत्तरेच्या.

‘मग बरोबर आहे. दक्षिणेला ठेवले तर झाडाचंच ऊन अडवतात.’ आणि ठेवला.

पिंप दक्षिणेला आहेत. चारही. एकेकात दोनशे लिटर पाणी आहे आणि बाहेर आत्ता पुन्हा शून्य.