भोकांचा जमाखर्च

विणायला नव्याने बसलेल्या माणसाच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे भोक. सुलट टाक्यावरून उलट टाक्याकडे वळताना दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा राहतो, तो सुईवरून आडवा पडतो, परतीच्या ओळीत तोही टाका समजून विणला जातो, आणि वीस टाक्यांची पट्टी बघता बघता सव्वीसची होते. कडा तिरक्या आणि मधे भोकंच भोकं. मग उसवा.

जाळीची वीण शिकायची म्हणजे हीच चूक करायची, फक्त ठरवून आणि मोजून.

दोरा पुढे घेऊन सुईवर टाकला की एक टाका जमा. दोन टाके एकत्र विणून दोनाचा एक केला की एक टाका खर्च. जाळीच्या ओळीत जितके जमा तितके खर्च झाले पाहिजेत, एवढाच तिचा नियम. कितीही नाजूक शाल घ्या, पानं असोत, हिरे असोत, कोळ्याची जाळी असो, खाली हाच जमाखर्च असतो. गंमत अशी की जमा आणि खर्च शेजारी शेजारीच असावेत अशी सक्ती नाही. शेजारी असले की साधं भोक पडतं. लांब ठेवले की मधले टाके कलतात. जिथे खर्च एकवटलाय तिथे ओळ खाली झुकते, जिथे जमा आहे तिथे कमानीसारखी वर चढते, आणि सरळ विणलेलं कापड आपोआप लाटा घेऊ लागतं.

बाळाच्या पहिल्या दुपट्यासाठी म्हणूनच लाटांची वीण घ्यावी. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथली ही जुनी वीण, नाव ओल्ड शेल. पुष्कळ ठिकाणी तिलाच फेदर अँड फॅन म्हणतात. त्याच बेटांवर लग्नाच्या अंगठीतून आरपार जाणाऱ्या शाली विणल्या जात. त्या शालींच्या वाटेला पहिल्याच खेपेला जाऊ नये. पण ही वीण नवख्याला झेपते, कारण चारांतल्या तीन ओळी डोकं न वापरता विणायच्या असतात.

तर १८ टाके, ४ ओळी. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरीत सगळं काम: दोनाचा एक, तीनदा, मग दोरा पुढे आणि एक सुलट, असं सहादा, मग पुन्हा दोनाचा एक, तीनदा. चौथी, म्हणजे मागच्या बाजूची ओळ सुलट, त्यामुळे पुढच्या बाजूला एक उठावाची रेघ उमटते. तिसऱ्या ओळीचा ताळा करून पाहा: तीन, अधिक बारा, अधिक तीन. अठरा. सहा गेले, सहा आले.

अशा सात विणींचे १२६ टाके. दोन्ही कडांना सहा-सहा टाके, ते प्रत्येक ओळीत सुलट, म्हणजे कड गुंडाळत नाही. एकूण १३८. मध्यम जाडीची, डीके म्हणून मिळणारी लोकर आणि ४.५ मिलिमीटरची सुई घेतली, तर धुऊन ताणल्यावर दहा सेंटिमीटरमध्ये साधारण २० टाके बसतात, म्हणजे रुंदी सत्तरच्या आसपास. लांबी नव्वद ठेवायची तर चार ओळींची वीण साठेक वेळा होईल. नवखा हात मिनिटाला १५ ते २० टाके विणतो, तेव्हा एका ओळीला सात ते नऊ मिनिटं धरा. दोनशे चाळीस ओळींचा गुणाकार ज्याचा त्याने करावा. आणि बाळ कधी येणार ते माहीत असतं, तेव्हा मागे मोजत यावं.

सुईच्या नंबरांचा घोळ जाता जाता सांगायला हवा. जुन्या इंग्रजी पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की जाड. ४.५ मिलिमीटरची सुई मात्र दोन्हीकडे ७ नंबरचीच. तरी मिलिमीटरच बघावेत. आणि सुई गोल, वायरची घ्यावी, ८० किंवा १०० सेंटिमीटरची. गोल विणायचं नाही, आडवंच विणायचं; पण १३८ टाक्यांचं वजन वायरवर, मांडीत राहतं, मनगटावर येत नाही. बांबूची किंवा लाकडी सुई टाके धरून ठेवते, धातूच्या गुळगुळीत सुईवरून ते निसटतात. टोक मात्र टोकदार हवं. बोथट टोकाने सलग सहा वेळा दोनाचा एक करून पाहिलं की टोकाची किंमत कळते.

लोकर गुळगुळीत, फिक्या एकाच रंगाची घ्यावी. रंगीबेरंगी लडी दुकानात मोहात पाडते, पण विणल्यावर भोकं बघावीत की रंग, हे डोळ्याला कळत नाही. जाळी फुकट जाते. मोहेअरसारखी केसाळ लोकर तर नकोच. एकतर तिचे टाके एकमेकांत गुंततात आणि उसवता येत नाहीत, आणि नवख्याला उसवावं तर लागणारच. शिवाय तिचे केस बाळाच्या तोंडात जातात. मशीनमध्ये धुता येईल अशी मऊ मेरिनो सगळ्यात बरी. अ‍ॅक्रिलिकही चालतं, पण त्याचं शेवटचं ताणणं वेगळं, ते पुढे येईल. चारशे ग्रॅम एकदमच घ्या आणि प्रत्येक गुंडीच्या पट्टीवरचा डाय लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, एकच आहे ना ते पाहा. दुकानातल्या दिव्याखाली सारखे वाटणारे दोन पांढरे उन्हात सारखे निघत नाहीत.

टाके घालताना घट्ट घातले तर सगळं मुसळ केरात. लाटेला कडेत जागा लागते. कड आखडली की तिच्या वरचं कापड फुगून चुण्या पडतात. ५ मिलिमीटरच्या सुईवर घाला हा सल्ला सगळे देतात, तो चुकीचा नाही. पण जाड सुईने टाका मोठा होतो, दोन टाक्यांमधलं अंतर वाढत नाही, आणि कडेला गरज असते अंतराची. दर टाक्यानंतर उजव्या हाताचं पहिलं बोट सुईवर टेकवून जरा जागा सोडावी. लांब टोक ठेवून टाके घालायच्या पद्धतीत टोक रुंदीच्या तिपटीहून थोडं जास्त लागतं, इथे सव्वादोन मीटर. ते १३० टाक्यांवर संपायचा मान बहुतेकांना एकदा तरी मिळतो. त्यावर उपाय आहे: दोन गुंड्यांच्या टोकांची गाठ मारायची, एका दोऱ्याचं टोक म्हणून आणि दुसऱ्याचा टाक्यांसाठी वापर करायचा, शेवटी एक दोरा कापून टाकायचा. दोन टोकं जास्त खोचावी लागतात, पण अंदाज चुकत नाही. सुरुवातीची गाठ टाक्यांत मोजायची नाही, पहिल्या ओळीच्या शेवटी ती सोडायची.

पहिल्या सहा ओळी सगळ्या सुलट. मग दर १८ टाक्यांनंतर खुणेची कडी. या विणीवर इथे आणखी जीव जडतो. बऱ्याच जाळ्यांमध्ये कडीला लागून दोरा पुढे घ्यायचा असतो. तो सैल दोरा कडीखालून हळूच पलीकडे सरकतो आणि एका घरचा टाका दुसऱ्या घरी जातो. ओल्ड शेलमध्ये कडीच्या दोन्ही बाजूंना दोनाचे एक असतात, भोकं मधोमध. कडीशी कोणी येतच नाही.

तिसरी ओळ झाली की मोजायचं. कंटाळा आला तरी मोजायचं, दोन कड्यांमध्ये अठरा. एकोणीस भरले तर बहुतेक वेळा सहाव्या सुलट टाक्यानंतर हाताने सवयीने आणखी एकदा दोरा पुढे घेतलेला असतो. सहा वेळा ‘दोरा, सुलट’ म्हटल्यावर थांबायचंय हे हाताला कळत नाही. शेवट सुलट टाक्यावर होतो, दोऱ्यावर नाही. परतीच्या ओळीत तो जादा दोरा सुईवरून सोडून द्यावा, काही बिघडत नाही. सतरा भरले तर बहुधा दोरा राहिलाय. परतताना ती जागा सापडते: दोन टाके एकमेकांना चिकटून बसलेले, मधे दोऱ्याचा वेढा नाही. त्यांना जोडणारा आडवा दोरा डाव्या सुईच्या टोकाने पुढून मागे उचलायचा आणि पुढच्या पायातून, म्हणजे सुईच्या पुढच्या बाजूला असलेल्या दोऱ्यातून, सरळ विणायचा. मागच्या पायातून विणला तर पीळ बसून भोक मिटतं. उचललेलं भोक शेजाऱ्यांपेक्षा जरा लहान राहतं, पण धुतल्यावर शोधूनही सापडत नाही.

खरा चकवा अठरा भरूनही होतो. एक दोरा राहिला आणि एक जोडी एकत्र करायची राहिली, तर बाकी जुळते आणि वही खोटी निघते. म्हणून आकड्यावर थांबू नये, ओळीकडे बघावं. पंख्याच्या, म्हणजे भोकांच्या भागाच्या, मधल्या सुलट टाक्यांआधी प्रत्येकी एक मोकळा वेढा दिसला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांवर स्वार झालेल्या तीन-तीन जोड्या. दोऱ्याचा वेढा ओळखणं सोपं आहे: टाक्याच्या गळ्याशी खालून आलेली गाठ असते, वेढ्याखाली काहीच नसतं, तो सुईवर नुसता तिरका टांगलेला असतो. ही नजर बसली की मोजणं आपोआप कमी होतं.

तोवर लाइफलाइन. आपल्याकडे ‘जीवनदोरी’ आयुष्याच्या दोरीला म्हणतात. इथे ती दर वीस ओळींनी बदलता येते. चौथी ओळ विणून झाली की वेगळ्या रंगाचा बारीक, गुळगुळीत सुती दोरा बोथट सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून काढायचा. कड्यांमधून नाही, नाहीतर पुढच्या ओळीत कड्या तिथेच अडकून बसतात. दोरा दुपट्याच्या रुंदीहून दोन्हीकडे वीतभर जास्त ठेवावा. वर काही बिघडलं तर सुई काढून घ्यायची, बिनधास्त उसवायचं. दोऱ्यापाशी येऊन सगळं थांबतं आणि १३८ टाके ओळीने उभे असतात. साधी वीण उसवून परत सुईवर घेणं जमतं. जाळीत ते कठीण, कारण जोडी उसवली की एका टाक्याचे दोन होतात, वेढा उसवला की टाका मुळी उरतच नाही, आणि कोणता कुठला हे नवख्याला समजत नाही. लाइफलाइन घालायला दहा मिनिटं लागतात म्हणून ती टाळणाऱ्याला नंतर पूर्ण रविवार लागतो. आणि एक: तिसऱ्या ओळीच्या मधे काम खाली ठेवू नये. दार वाजलं तर वाजू द्यावं.

गुंडी संपत आली की नवी कडेलाच जोडा. लोकरीचं टोक रुंदीच्या चौपटीहून कमी उरलं असेल तर ती ओळ सुरूच करू नका. मधे जोडलेल्या दोऱ्याची टोकं लपवायला भोकांच्या विणीत जागा नसते, आणि गाठ तर हटकून एखाद्या भोकात येऊन बसते. कडेच्या सहा टाक्यांत टोकं खोचायला भरपूर जागा असते. टोक पंधरा सेंटिमीटर ठेवा, एकदा इकडून, एकदा उलट दिशेने खोचा, पण कापू नका.

वर पुन्हा सहा ओळी सुलट, मग टाके बंद. इथेही सैलच. दोन टाके सुलट विणून ते डाव्या सुईवर परत ठेवायचे, मागच्या पायांतून दोनाचा एक करायचा; पुढे दर वेळी एक विणायचा, दोन्ही परत ठेवायचे, पुन्हा एक करायचा. ५.५ मिलिमीटरची सुई घेतली तर आणखी बरं.

सुईवरून उतरलेलं दुपटं बघून निराश होऊ नये. ते चुरगळलेल्या फडक्यासारखंच दिसतं, भोकं मिटलेली, लाटा आक्रसलेल्या. जाळी पाण्यातून काढल्यावर जाळी होते. कोमट पाण्यात अर्धा तास, चोळायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. उचलताना दोन्ही हात खालून. ओलं कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं, आणि मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो तर ओली असताना नको इतकी पसरते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, मग गादीवर किंवा फोमच्या चौकोनांवर पसरून न गंजणाऱ्या टाचण्या. आधी चार कोपरे, मग बाजू, मग लाटांची टोकं. सुरुवातीच्या कडेला खाली झुकलेली सहा टोकं सापडतील, कड्या जिथे होत्या त्यांच्या रेषेत. बंद केलेल्या कडेला सात, पंख्यांच्या डोक्यावर. प्रत्येकाला एक टाचणी. अ‍ॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, त्याला वाफ लागते: इस्त्री तीन-चार सेंटिमीटर वर धरून, न टेकवता. टेकली की धागा कायमचा लुळा पडतो, आणि तो पुन्हा ताठ होत नाही.

दुपटं वापरायचं ते मांडीवर, बाबागाडीत, कुणीतरी बघत असताना. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सुटं पांघरूण ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, हाताने विणलेल्यालाही तो नियम लागू आहे. बाळाची बोटं भोकांत शिरतात, म्हणून सुई याहून जाड घेऊ नये, आणि मागच्या बाजूला दोऱ्याचा एकही सुटा फास राहिलेला नाही हे बोटाने चाचपून बघावं. असा फास पायाच्या बोटाला आवळला तर पटकन लक्षात येत नाही.

टाचण्या पूर्ण वाळल्यावरच काढायच्या, दीड-दोन दिवस लागतात. काढल्या की दुपटं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत येतं, ते येणारच. आता खोचलेली टोकं कापा, अर्धा सेंटिमीटर सोडून. आधी कापली असती तर ताणताना ती आत ओढली गेली असती आणि पहिल्याच धुण्यात भोकांतून बाहेर डोकावली असती.