जवारीला जपानीत काय म्हणतात

आमच्या साहेबांनी सकाळी सकाळीच सांगून ठेवलेलं, "मॅडम, आज तुम्ही फक्त भाषांतर करायचं, डोकं आम्ही लावतो." कुपवाड एमआयडीसीत आमचं कास्टिंगचं युनिट, मी एक्स्पोर्टला, म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंगवाल्याशी भांडण आणि कुणी परदेशी पार्टी आली की दुभाषी. दुभाषाचा पगार वेगळा नाही, त्या दिवशी चहा मात्र चांगल्या कपातनं मिळतो.

त्या दिवशीचे पाहुणे जपानचे, क्वालिटीवाले. एकच पार्ट हातात घेऊन बॅटरी मारून अर्धा तास बघत बसले. मीटिंगमध्ये साहेब रेट सांगतायत, डिलिव्हरी सांगतायत आणि पाहुणे प्रत्येक वाक्याला "हाय, हाय" करतायत. आता आमच्याकडं हाय म्हणजे आहे, तिकडं हाय म्हणजे हो, त्यामुळं साहेब खूश, ऑर्डर आलीच म्हणून पेढे आणायला माणूस पाठवला. मी हळूच सांगितलं की सर, हे हाय म्हणजे फोनवर आपली आजी "हं, हं" करते तसलं आहे, ऐकतोय एवढंच. शेवटी पाहुणे म्हणाले "केन्तो शिमासु", विचार करतो. साहेबांनी विचारलं म्हणजे काय, म्हंटलं, "बघू की". सांगलीच्या माणसाला "बघू की" म्हणजे काय ते वेगळं सांगायला लागत नाही. पेढे तरी खाल्ले आम्ही.

मला लोक नेहमी विचारतात एवढ्या भाषा कशाला शिकलीस. खरं सांगायचं तर पहिली शिकले ती पैशासाठी. डिप्लोमा झाल्यावर जर्मनीला जायचं खूळ डोक्यात होतं, शनिवारी रात्रीची एसटी पकडायची, पहाटे स्वारगेट, तोंड धुवायचं आणि रविवारचा क्लास, संध्याकाळी परत. जर्मनीला जाणं घरातल्या कारणानं राहिलं, ते असो, पण जर्मनची बी-वन परीक्षा झाली. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून वर्गातली हिंदीवाली पोरं रडायची, मला त्याचं काही वाटलं नाही. तिकडं मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी, आपल्याकडंही "पोरगं" असतंच की. आणि आमच्या भागातल्या पोरी घरात "मी आलो, मी गेलो" म्हणतात, आम्ही काय कुणाच्या लिंगाला हसणार.

जपानी मात्र लालूच म्हणून सुरू केली आणि त्यातच अडकले. कारण वाक्य आपलंच. "मी मिरजेला जाते" यातला "ला" काढून "नि" ठेवायचा, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, इंग्लिशसारखं आधी टाकून द्यायचं नाही. कांजीनं, म्हणजे त्यांच्या चित्रासारख्या अक्षरांनी, जीव घेतला पण, जुन्या जॉब कार्डांच्या पाठीवर लिहून लिहून दोन वर्षं घालवली तेव्हा जपानीची एन-थ्री परीक्षा निघाली. रशियन थोडीच येते, तिचं कारण लहानपणी घरात असलेली मॉस्कोहून छापून आलेली गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं. त्यातल्या बर्फाचं मला फार वेड होतं. आणि मुळात आमच्या मिरजेत आजी कानडीत ओरडायची, शेजारच्या खाला दखनीत उत्तर द्यायच्या आणि आम्ही मराठीत पळून जायचो, तेव्हा एका भाषेत भागत नाही हे काय मला क्लासात कळलं नाही.

तर दुपारी पाहुण्यांना हॉटेलवर सोडायला निघालो, मिरजेत एका दुकानाबाहेर भोपळे वाळत टांगलेले दिसले आणि ते एकदम म्हणाले थांबा. मी सांगितलं सतारी-तंबोरे इथलेच, शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे लोक, एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांपासून हे काम सुरू झालं, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, 2024 साली जीआय टॅगही मिळाला. एवढं मी फडाफडा बोलले, पाठच होतं.

आत एक चाचा तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरनं जातात ती पट्टी, घासत बसलेले. पाहुण्यांनी विचारलं हे काय करतायत. चाचा म्हणाले, "जवारी बंद हाय, खोलतोय."

झालं. माझी गाडी तिथंच रुतली. जवारी म्हणजे तार घोडीवर टेकते ना, तो घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतार असतो, तार हलली की त्या उतारावर घासत घासत टेकते आणि म्हणून तंबोरा असा झणझणतो, एका तारेतनं दहा आवाज निघाल्यासारखे. हे मराठीत कळायलाच मला चाचांनी दोनदा सांगितलं. जपानीत मी आधी म्हणाले "आवाज उघडतायत". पाहुणे बघत राहिले. मग म्हणाले घासल्याचा आवाज, नॉइज. तो शब्द ऐकल्यावर त्यांच्यातला क्वालिटीवाला जागा झाला, त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मग तो घालवायचा कसा?"

हे मी चाचांना सांगितलं. चाचांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "घालवायचा? ताई, तुमी जरा गप ऱ्हावा." पाहुण्यांचा हात धरून त्यांनी भोपळ्यावर ठेवला, तार छेडली, आवाज ठोकळ्यासारखा, मेलेला. मग तारेखाली जवारीचा दोरा घातला, पुढं-मागं सरकवला, परत छेडली. या वेळी सगळं दुकान गुणगुणलं.

पाहुणे म्हणाले, "आ... सावारी."

चाचा खूश. "बराबर! जवारी!"

"सावारी, सावारी."

"जवारी, जवारी!"

मला वाटलं चाचांचाच शब्द बिचारे जपानी उच्चारात म्हणतायत. दोन मिनिटं दोघं माना डोलवत होते आणि मी मधी उभी, बिनकामाची. मग पाहुणे माझ्याकडं वळून सांगायला लागले की त्यांच्या आई शामिसेन शिकवतात, तीन तारांचं वाद्य, त्याची सगळ्यात जाड तार मुद्दाम दांडीला टेकती ठेवतात म्हणजे ती झणझणते, आणि त्या झणझणण्याला जपानीत म्हणतातच सावारी. शब्दशः अर्थ स्पर्श. एन-थ्रीच्या पुस्तकात हा शब्द नव्हता. मी चाचांना सांगितलं, ते म्हणाले, "मग मगाचपासनं आमी तेच तर बोलतोय."

ऑर्डर काही आली नाही, म्हणजे बघू की वरच अजून आहे. पण दोन महिन्यांनी कंपनीच्या पत्त्यावर चाचांच्या नावानं छोटं पाकीट आलं, आत शामिसेनच्या रेशमी तारा, पिवळ्याधमक, आणि एक चिठ्ठी. ती वाचायला मी मिरजेला गेले. सगळं वाचता आलं, एक शब्द अडला, तारा "उकोन"मध्ये रंगवतात असं लिहिलेलं. मोबाईलवर शोधलं तर उकोन म्हणजे हळद.

चाचांनी तार नाकाला लावली. "आपल्या सांगलीच्या यार्डातनंच न्हेली आसंल," म्हणाले आणि परत घोडी घासायला लागले.