तिच्या हातातलं लाल फूल

"ही कुणाला देतेय गं ते फूल?"

रात्री जेवणं उरकल्यावर आई माझ्या मोबाइलवर चित्र बघत होती. चित्रकार पिकासोचं 'समुद्रकिनारी आई आणि मूल', 1902 सालचं, बार्सिलोनात काढलेलं. सगळं निळंच निळं, अंगभर वस्त्र लपेटलेली बाई, कुशीत गुंडाळलेलं बाळ. आणि तिच्या हातात एवढंसं लाल फूल. घ्यायला समोर कुणीच नाही.

मी माहिती सांगायला लागले. पॅरिसच्या सेंट-लाझार तुरुंगात त्याने लेकरांसकट कोंडलेल्या बाया पाहिल्या होत्या, त्याच पुढे त्याच्या चित्रांत येत राहिल्या. हे चित्र आता जपानमध्ये, हाकोनेच्या पोला संग्रहालयात आहे. रंगाच्या थरांखाली वर्तमानपत्राची अक्षरंसुद्धा सापडलीत.

आईचं लक्षच नव्हतं. तिनं दोन बोटांनी बाळ मोठं करून पाहिलं. "वारं लागू नये म्हणून कसं पोटाशी धरलंय बघ."

मग बराच वेळ गप्प. आणि म्हणाली, "समुद्राला देत असेल. नारळी पौर्णिमेला आमची आई नारळ सोडायची ना, तेव्हा मला अशीच एका हातावर घ्यायची. बाबा तेव्हा होडीवर असायचे."

आजीबद्दल हे ती पहिल्यांदाच बोलली. मला त्या बाईत तुरुंग दिसत होता, तिला पाण्यावर गेलेलं माणूस दिसलं.

मोबाइल परत देताना तिनं स्क्रीन पदरानं पुसली.

तुम्हाला काय वाटतं, कुणासाठी असेल ते फूल?