गळाभर पाण्यातली ग्रामसभा

आमच्या सरपंचाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्याही अंगावर चिंधी नव्हती. हे फोनवर सांगितलं तेव्हा आई जरा वेळ गप्पच झाली, म्हणून आधी खुलासा करतो. आइसलंडमध्ये कुठल्याही सार्वजनिक पूलमध्ये उतरायच्या आधी साबण लावून स्वच्छ आंघोळ करावी लागते आणि ती पोहायची चड्डी न घालता. भिंतीवर मोठं पोस्टर असतं, माणसाची आकृती, आणि डोकं, काखा, जांघा, पावलं लाल रंगात, म्हणजे इथे इथे नीट घासा. शॉवरला पडदे वगैरे भानगड नाही. मी रत्नागिरीचा, आमच्याकडे विहिरीवर एकटा असला तरी माणूस पंचा सोडत नाही. मी आपला चड्डीसकट कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, तर शेजारच्या दांडग्या माणसाने काही न बोलता पोस्टरकडे बोट दाखवलं आणि मग त्याच हाताने शॅम्पूची बाटली पुढे केली. तो सरपंच. इथे त्याला ऑद्दविती म्हणतात.

गावाचं नाव सांगत नाही, कारण एकशेदहा माणसांच्या वस्तीत नाव सांगितलं की कोण कुठला ते दोन मिनिटांत कळतं, आणि मला इथेच राहायचंय. उत्तरेकडे आहे एवढं पुरे. गाव म्हणजे तरी काय, एक शाळा, एक चर्च, एक पेट्रोल पंप, मी ज्यात स्वयंपाक करतो ते हॉटेल, आणि हा पूल. बाकी सगळ्या वाड्या, एकीपासून दुसरी दोन-तीन किलोमीटरवर, मधे गवत आणि मेंढ्या आणि वारा. आम्ही २०१८ ला आलो. बायको शाळेच्या किचनमध्ये. शाळेत मुलं नऊ.

तर तो पूल. पोहतात त्यात फक्त शाळेतली मुलं, कारण या देशात पोहणं शाळेतच शिकावं लागतं, सक्तीचा विषय आहे. मोठी माणसं पोहायला येतच नाहीत, ती येतात शेजारच्या गोल हौदात बसायला. हेइतुर पोत्तुर, म्हणजे गरम पॉट. आमच्याकडे दोन आहेत, एक ३८ डिग्रीचा आणि एक ४१ चा. पाणी जमिनीतूनच गरम येतं, त्याला किंचित अंड्याचा वास असतो, पहिले आठ दिवस येतो मग येत नाही. संध्याकाळी सात वाजता ३८ च्या पॉटमध्ये सात-आठ डोकी असतात, थंडीत तर डोक्यावर लोकरीच्या टोप्या, खाली गळ्यापर्यंत पाणी, वर बर्फ भुरभुरतोय आणि वाफेत कोण कुठे बसलंय ते दिसत नाही, आवाजावरून ओळखायचं. आणि या डोक्यांचं जे काय चाललेलं असतं ते राजकारण. ग्रामपंचायतीची मीटिंग महिन्यातून एकदा शाळेत होते, तिचं प्रोसिडिंग लिहितात, पण तोवर सगळं ठरून गेलेलं असतं.

मला बरेच दिवस कळत नव्हतं की इथे कोणी उठून का जात नाही. आमच्या ग्रामसभेत निम्मी गंमत तीच असते ना, की एखादा ताडकन उठला, खुर्ची मागे सारली आणि ‘बघून घेतो’ म्हणत निघाला. इथे बर्फ उचलायच्या गाडीवरून वाद होतो, चांगला कडकडून होतो. (मुख्य रस्ता सरकारचं रस्ते खातं साफ करतं, पण आतल्या वाड्यांच्या फाट्यांचा खर्च अर्धा त्यांचा, अर्धा पंचायतीचा, त्यामुळे आठवड्यातून किती वेळा गाडी आत पाठवायची हा प्रश्न म्हणजे थेट शेजाऱ्याच्या खिशाचा प्रश्न.) पण उठून जायचं म्हणजे ३८ डिग्रीतून उणे आठमध्ये, ओल्या अंगाने, वाऱ्यात, वीस पावलं चालायचं आणि तेही चड्डीवर. रागात माणसाचा जो काही रुबाब असतो तो पाचव्या पावलाला संपतो. म्हणून मग माणूस बसून राहतो, थोडा सरकतो, पाय लांब करतो, आणि बसलाच आहे तर समोरच्याचं ऐकतो.

दुसरी अडचण माझी स्वतःची, अहो-जाहोची. यांच्या भाषेत आदरार्थी रूप होतं म्हणे कधीकाळी, पण ते बोलण्यातून जवळपास गेलंच, आणि आडनावं तर बहुतेकांना नाहीतच, बापाच्या नावाला सोन किंवा दोत्तिर लावलं की झालं. त्यामुळे पाद्री असो, मास्तरीण असो, देशाचा राष्ट्राध्यक्ष असो, हाक मारायची पहिल्या नावाने आणि म्हणायचं ‘थू’. थू म्हणजे तू. आता आमच्या कानाला हा शब्द कसा लागतो ते मराठी माणसाला सांगायला नको. साठीच्या सरपंचाच्या तोंडावर ‘थू’ म्हणायला मला एक वर्ष लागलं. शाळेतली पोरं त्याला रोज म्हणतात, कारण शाळेची गाडीही तोच चालवतो. आणि मेंढ्या आहेतच.

मेंढ्यांवरून आठवलं. आमच्या पंचायतीचा सगळ्यात स्फोटक कागद बजेट नाही, तो दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी निघतो, डोंगरावर मेंढ्या आणायला कोणी किती माणसं किती दिवस द्यायची त्याची यादी. उन्हाळाभर मेंढ्या डोंगरात मोकळ्या सोडलेल्या असतात, सप्टेंबरात सगळं गाव रांग धरून त्या खाली आणतं, आणि ज्याच्या मेंढ्या जास्त त्याने माणसं जास्त द्यायची असा हिशोब. मग ज्यांनी मेंढ्या विकून टुरिस्टांना खोल्या दिल्यात ते म्हणतात आम्ही का, आणि मेंढ्यावाले म्हणतात तुमचे टुरिस्ट फोटो कशाचे काढतात. यावर पॉटमध्ये तीन-तीन आठवडे जातात. मी एकदा गेलो होतो वर, हॉटेलतर्फे, चौदा तास चिखलातून चाललो. खाली गोल कुंपण असतं, चाकासारखं, मधे सगळ्या मेंढ्या कोंबायच्या आणि भोवती प्रत्येक वाडीचा एकेक कप्पा. शिंगं धरून मेंढीला दोन्ही पायांत पकडायचं आणि कान चाचपायचा. कानाला कात्रीने खुणा केलेल्या असतात, टोक सरळ कापलेलं म्हणजे ‘स्तिफ्त’, कडेला छोटी खाच म्हणजे ‘बिती’, आणि या खुणांचं नोंदणीचं छापील पुस्तक असतं, सातबाराच म्हणा ना. एक ऐंशीच्या आसपासची आजी डोळे मिटून, बोट फिरवून सांगत होती कोणाची मेंढी. मी हातात घेतलेली एक माझ्या समजुतीने आमच्या शेजाऱ्याची होती, मी मोठ्या अभिमानाने ओढत नेली, तर तो म्हणाला ही माझी नव्हे, ही ज्याच्याशी मी दोन वर्षं बोलत नाही त्याची. आणि मग स्वतःच तिला धरून त्याच्या कप्प्यात नेऊन सोडली. एक शब्द न बोलता. संध्याकाळी मटणाचं सूप मी केलं होतं, त्यात मिरची घातली नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

या पंचायतीला ह्रेप्पुर म्हणतात आणि ही काल-परवाची सरकारी कल्पना नव्हे. ‘ग्रागास’ नावाचे त्यांचे मध्ययुगातले कायदे आहेत, त्यात लिहिलंय की एका ह्रेप्पुरमध्ये निदान वीस शेतकरी पाहिजेत, आणि गावातल्या निराधारांना सांभाळायचं, कोणाचं घर जळालं, गुरं रोगाने गेली तर सगळ्यांनी मिळून भरपाई करायची. पुढे पुढे त्याच निराधारांना, जो सगळ्यात कमी पैशात ठेवून घेईल त्याच्या घरी पाठवायचे, हेही झालं, तेव्हा फार भारावून जायला नको. आता सरकारला ह्रेप्पुर छोटे वाटतात. १००० तरी माणसं हवीत म्हणून विलीनीकरणाचा लकडा आहे, २०२१ च्या कायद्यात सक्ती नाही केली पण आकडा ठेवलाच. पॉटमध्ये हा विषय निघाला की पाणी थंड झाल्यासारखं वाटतं.

आणि छोट्या गावात राजकारण साधंसरळ असतं असं कोणाला वाटत असेल तर त्याने आउर्नेसह्रेप्पुरची गोष्ट ऐकावी. वायव्येला वेस्टफ्योर्ड्समध्ये, समुद्राकाठी, हिवाळ्यात महिनोन्‌महिने रस्ता बंद, छोटं विमान येतं तेवढंच. जेमतेम पन्नास माणसं. मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद. दुकान २०१८ मध्ये बंद पडलं, मग लोकांनी भागभांडवल गोळा करून २०१९ ला परत उघडलं. तर या गावात ह्वालाउ नदीवर ५५ मेगावॉटचा वीजप्रकल्प आणायचं घाटत होतं. अर्धं गाव म्हणे रस्ता होईल, वीज नीट येईल, गाव जगेल. अर्धं म्हणे धबधबे जातील आणि कामं संपली की हाती काहीच राहणार नाही. पंचायतीत पाच जण, तीन विरुद्ध दोन. मे २०१८ मध्ये निवडणूक. आणि मतदार यादी बंद व्हायच्या आधीच्या थोड्या दिवसांत दीडेक डझन लोकांनी अचानक आपला कायमचा पत्ता बदलून या गावातला दिला. मतदार मुळात चाळीस-पंचेचाळीस! म्हणजे दीड डझन मतं ही काय चीज आहे बघा. राष्ट्रीय नोंदणी खात्याने पोलीस पाठवून चौकशी केली, की बाबांनो तुम्ही खरंच राहता का इथे, आणि बहुतेक पत्ते रद्द केले. वर्तमानपत्रात वाचून इथले लोक हादरले होते. मी वाचत होतो आणि मला, खरं सांगतो, घरची आठवण येत होती.

निवडणुकीत प्रकल्पाच्या बाजूचे आले. प्रकल्प मात्र अजून झालेला नाही.

आता माझी उमेदवारी. हसू नका. २०२२ पासून कायदा असा झाला की परदेशी माणूस सलग तीन वर्षं राहिला की त्याला गावच्या निवडणुकीत मत. पत्र आलं, आम्ही दोघं खूश. मग मी पॉटमध्ये विचारलं, उभं कोण कोण आहे? तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. अगदी छोट्या गावांत पक्ष, यादी, पॅनेल असं काही भरलं नाही की मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण आपोआप उमेदवार. फॉर्म नाही, डिपॉझिट नाही, चिन्ह नाही. पासष्टी उलटलेल्यांना आणि आधी सदस्य राहिलेल्यांना नको म्हणायची मुभा, बाकी निवडून आलात तर नाही म्हणायची सोय नाही. म्हणजे मी उभा होतो, बायको उभी होती, हॉटेलात भांडी घासणारा पोलंडचा पोरगा उभा होता. बायको म्हणाली, “चला, घरात दोन तिकिटं.”

१४ मे २०२२, शनिवार. शाळेच्या हॉलमध्ये मतदान, बाजूला महिला मंडळाची कॉफी आणि टेबलभर केक, पॅनकेकमध्ये क्रीम, पातळ भाकरीसारख्या पोळीवर धुरी दिलेलं मटण. कॉफी बघूनच मी घाबरलो, कारण कोणाच्या हातचा केक घेतला ते सगळे बघत असतात. आत गेलो तर मतपत्रिका कोरी. पाच ओळी सदस्यांसाठी, पाच राखीव, नाव आणि पत्ता स्वतःच्या हाताने लिहायचा. आणि यांच्या लिपीत दोन अक्षरं अशी आहेत की ती माझ्या हातून अजून सुतासारखी येत नाहीत, एक पोट पुढे काढून उभ्या राहिलेल्या काठीसारखं, त्याला थॉर्न म्हणतात, आणि एक मान मोडून आडवी रेघ मारलेलं. सरपंचाच्या नावात एक थॉर्न, वाडीच्या नावात मान मोडलेली दोन, आणि शेवटी एक जोडाक्षर, ते कसं लिहायचं हे ऐन वेळी आठवेना. चार नावं मी लिहिली होती, बर्फाची गाडीवाला, मास्तरीण, पोस्टाची बाई, वासरं पाळणारी ती तरुण मुलगी. पाचवीला थांबलो. चुकलं तर मत बाद होईल, शिवाय इतक्या वर्षांत सरपंचाचं नाव लिहिता येत नाही हे मोजणीत सगळ्यांना दिसेल. बाहेर विचारायची लाज वाटली. शेवटी हॉटेलातल्या मॅनेजरचं नाव लिहिलं, त्याचं सोपं आहे. नंतर कळलं, कोण ते समजलं म्हणजे पुरे, स्पेलिंगला कोणी विचारत नाही.

मोजणी सगळ्यांना खुली असते, कोणीही जाऊन बसावं. एक बाई नावं मोठ्याने वाचत होती आणि दुसरी रेघा ओढत होती, दहा-बारा जण कॉफी पीत ऐकत होते. मधेच माझं नाव आलं. या भाषेत जोर कायम पहिल्या अक्षरावर, त्यामुळे आधी कळलंच नाही की मीच. वीसेक चिठ्ठ्यांनंतर परत आलं. एकूण दोन. मी बायकोकडे बघितलं तर ती म्हणाली, “माझ्याकडे बघू नकोस, तुला मंगळवारचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचं लक्षात राहत नाही.” सरपंच पाचवा आला. सहाव्यापेक्षा एका मताने जास्त. त्या एका मताचा हिशोब मी त्या रात्री अंथरुणात तीनदा करून बघितला.

पॉटमध्ये पुढचा आठवडा माझ्या दोन मतांवर गेला. कोणी म्हणालं सूपाला पडली, कोणी म्हणालं सूपात मिरची घातली असती तर तीन पडली असती. बर्फाच्या गाडीवाल्याने गंभीरपणे विचारलं, आमच्या फाट्याबद्दल तुझं धोरण काय.

शनिवारी शॉवरमध्ये सरपंच शेजारी होता. आता मीही पोस्टरप्रमाणेच करतो सगळं, लाज कधी गेली ते कळलं नाही. डोक्याला फेस करता करता तो म्हणाला, “तुझ्या दोनातलं एक माझं होतं.” मी थांबलो. तो डोळे मिटूनच होता, फेस डोळ्यांत जाऊ नये म्हणून. “परकी माणसं पण पाहिजेत पंचायतीत,” तो म्हणाला, “आणि तुझं नाव लिहायला अवघड होतं रे, बायकोला विचारून लिहिलं.”

मी शॅम्पूची बाटली घेतली, भरपूर ओतला हातावर, आणि डोकं नळाखाली घातलं.